मापाबाहेरचा घास

१

माझ्या भाच्याच्या रक्तात साखर निघाली तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. बहिणीचे घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून चढून गेल्यावर लागणाऱ्या एका वाडीत आहे. भाचा टेम्पो चालवतो. अंगाने काटकुळा, पोट तेवढे थोडे सुटलेले. महाडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि विचारले, "दिवसभरात खातोस काय काय?" तो म्हणाला, "विशेष काही नाही. दुपारचं जेवण तर धड होतच नाही." डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, गोड बंद करायला सांगितले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

मी शेजारीच बसलो होतो. तो खोटे बोलत नव्हता हे मला माहीत होते. संध्याकाळी त्याला माझ्याकडे थांबवून घेतले, वही काढली आणि आदल्या दिवसाचा हिशेब विचारला. सकाळी सहाला चहा आणि बिस्किटांचा पुडा. नऊला नाक्यावर चहा आणि क्रीमरोल. दुपारी घाईत थोडा आमटीभात. चारच्या सुमारास फरसाणची पुडी. माल उतरेपर्यंत गाडीत बसून वेफर्स आणि थंड पेयाची बाटली. रात्री घरी भाकरी आणि कालवण, तेही अर्धवट, कारण भूक नव्हती. "हे सगळं डॉक्टरांना का नाही सांगितलंस?" असे विचारल्यावर तो हसला. "मामा, ते काय खाणं आहे? तो तोंडाचा चाळा."

हा लेख त्याच्या या वाक्याविषयी आहे. मी आहारतज्ज्ञ नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या भांडारात तीस वर्षे गेली. आवक किती, जावक किती, शिल्लक किती, एवढेच मी आयुष्यभर मोजले. त्याच सवयीने गेली सहा वर्षे मी खाद्यपदार्थांची रिकामी वेष्टने जमवतो आहे. धुऊन, सपाट करून, तारीख घालून ती दोन पत्र्याच्या पेट्यांत ठेवली आहेत. घरच्यांना हे वेड वाटते. मला ते वाचन वाटते. आपल्याकडे कवितासंग्रहाची समीक्षा होते, कादंबरीची होते. पण महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांत सर्वांत जास्त खपणारे छापील साहित्य म्हणजे पुड्याचे वेष्टन, आणि त्या मजकुराची समीक्षा कोणी केलेली मी पाहिली नाही.

२

मजकुराकडे जाण्याआधी पोटाकडे जावे लागेल. अन्नातली ऊर्जा उष्मांकांत, म्हणजे कॅलरीत मोजतात. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून किंवा प्रथिनातून साधारण चार कॅलरी मिळतात, एक ग्रॅम स्निग्धातून नऊ, आणि पाण्यातून शून्य. शंभर ग्रॅम पदार्थात किती कॅलरी भरल्या आहेत याला त्या पदार्थाची उष्मांक-घनता म्हणू. पदार्थातले पाणी काढून टाकले की घनता वाढते. तेल घातले की आणखी वाढते. तळण्यात ही दोन्ही कामे एकदमच होतात, कारण कढईत पाणी वाफ होऊन जाते आणि त्याची जागा तेल घेते.

मी वजनकाटा घेऊन घरात बसलो. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात सुमारे ३२० कॅलरी असतात. त्या पिठाची पाणी घालून थापलेली आणि तव्यावर भाजलेली भाकरी माझ्या काट्यावर १६० ग्रॅमच्या आसपास भरली. म्हणजे शंभर ग्रॅम भाकरीत साधारण २०० कॅलरी. शिजलेल्या भातात शंभर ग्रॅमला १३० च्या आसपास. कुळथाची पिठी पातळ असते, पन्नासही भरत नाहीत. एक भाकरी, मोठी वाटीभर पिठी आणि एक कांदा हे जेवण साडेचारशे ग्रॅमच्या घरात जाते आणि त्यातून सुमारे ४५० कॅलरी मिळतात. वेष्टनांवरचे आकडे याच्या शेजारी ठेवा. ग्लुकोज बिस्किटे शंभर ग्रॅमला साधारण ४५०. फरसाण आणि वेफर्स ५४० च्या आसपास. म्हणजे त्या पूर्ण जेवणाइतक्या कॅलरी ऐंशी-पंचाऐंशी ग्रॅम फरसाणात बसतात. माझ्या हाताच्या त्या दोन मुठी होतात. भाकरी-पिठी खायला मला पंधरावीस मिनिटे लागतात. दोन मुठी फरसाण बातम्या संपायच्या आत संपते, आणि नंतर जेवायला बसतो ते बसतोच.

पोटाला कॅलरी दिसत नाहीत. ते मुख्यतः किती अन्न आले, किती ताणले गेले आणि किती वेळ चावणे चालले यावरून अंदाज बांधते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी अनेक वर्षे हाच विषय अभ्यासला. माणूस रोज साधारण सारख्याच वजनाचे अन्न खातो, त्यामुळे अन्न घन झाले की कॅलरी नकळत वाढतात, हे त्यांच्या कामाचे सार. त्यांचा १९९९ मधला एक प्रयोग मला आपल्या घरातला वाटतो. कोंबडी-भाताचा एकच पदार्थ तीन प्रकारे दिला: नुसता, सोबत पेलाभर पाणी देऊन, आणि तेच पाणी आत घालून सूप करून. ज्यांनी सूप घेतले त्या पुढच्या जेवणात कमी जेवल्या. सोबत पाणी प्यायल्याने तसा फरक पडला नाही. पाणी अन्नाच्या आत असावे लागते. आमच्याकडची आंबील आणि पेज हे आत पाणी असलेले अन्न आहे. चहात बुडवलेले बिस्कीट तसे नाही, चहा कितीही प्यायला तरी.

दुसरा प्रयोग २०१९ चा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी वीस माणसांना महिनाभर आपल्या देखरेखीखाली ठेवले. दोन आठवडे कारखान्यातले अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे शिजवलेले अन्न. दोन्ही वेळा समोर मांडलेल्या अन्नात कॅलरी, साखर, स्निग्ध, मीठ, तंतू जवळपास सारखे, आणि हवे तेवढे खायची मुभा. कारखान्याच्या अन्नावर माणसांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलो वजन वाढवले. साध्या अन्नावर तेवढेच कमी झाले. जास्त खाणाऱ्यांना ते अन्न जास्त आवडले असेही नव्हते, दोन्ही अन्नांना त्यांनी सारखेच गुण दिले. फरक होता तो खाण्याच्या वेगात, आणि पेये सोडून उरलेल्या अन्नाच्या घनतेत. ती जवळजवळ दुप्पट होती.

माणसे वीसच, मुदत महिन्याची आणि वॉर्ड बंदिस्त, त्यामुळे या प्रयोगावर सगळा इमला उभा करू नये. घनता हा सगळ्यावर लागू पडणारा नियमही नाही. थंड पेयात शंभर मिलीला चाळीसच्या आसपासच कॅलरी असतात, म्हणजे ते पिठीसारखेच पातळ. तरी ते चावावे लागत नाही आणि पोटात राहत नाही, म्हणून हिशेबातून निसटते. सुके नूडल्स घन असतात, पण पाण्यात शिजवल्यावर भातासारखे हलके होतात. तेच मुले पुडा फोडून कोरडे चघळतात तेव्हा घनच राहतात. इतके सगळे मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. जास्त खाणाऱ्याला हावरट म्हणायची आपली सवय आहे. प्रयोगातली माणसे दोन्ही पंधरवड्यांत तीच होती. बदलले होते ते ताट.

३

आपल्या जुन्या शास्त्रांनी पोटाचे माप सांगितले आहे. पोटाचे दोन भाग अन्नाने भरावेत, एक भाग पातळ पदार्थांसाठी ठेवावा आणि एक मोकळा सोडावा, हा वाग्भटाचा नियम 'अष्टांगहृदया'त आहे. 'चरकसंहिते'त आणखी एक पायरी आहे. जड अन्न अर्ध्या किंवा त्याहून कमी तृप्तीपर्यंतच खावे. पिठाचे जड पदार्थ जेवण झाल्यावर कधी खाऊ नयेत, भूक असेल तरच आणि मापात खावेत. यावरून प्राचीनांना कॅलरी ठाऊक होत्या असा दावा करणारे लेख दर वर्षी दिवाळीत छापून येतात. मी तसा दावा करत नाही. जड-हलके म्हणजे पचनाचा विचार, उष्मांकांचा नव्हे. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. वाग्भटाचे माप आकारमानाचे आहे. ते पाणी धरून ठेवणाऱ्या, शिजवलेल्या अन्नाला बरोबर लागू पडते. पोटाचे दोन भाग भात-आमटीने भरले तर माणूस ठीक राहतो. तेच दोन भाग शेव-गाठियांनी भरले तर नियम पाळूनही तो मोडला जातो. म्हणूनच चरकाला जड अन्नासाठी वेगळा नियम लागला.

समाजानेही तसाच वेगळा नियम केला होता. तो पोथीत नव्हता, चालीरीतीत होता. आपल्या घरांत घन अन्न नव्हते असे नाही. दशमी होती, पण ती प्रवासाची शिदोरी. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू होते, पण ते बाळंतिणीचे. चकली, करंजी, शंकरपाळे आणि लाडू होते, ते दिवाळीचे. हा अंक हातात घेऊन बसलेल्या वाचकाच्या शेजारी फराळाची बशी असेल, तर त्याने खुशाल खावे. पण त्या बशीतला प्रत्येक पदार्थ घनतेत फरसाणच्या पुडीच्या जवळपास आहे हे विसरू नये. कारण तेच आहे: पाणी काढलेले, तूप-तेल घातलेले, टिकावे म्हणून केलेले. फरक कुंपणाचा होता. फराळाला तिथीचे कुंपण होते. भाजणी भाजायची, दळायची, तळायची, म्हणून श्रमाचे कुंपण होते. डबे शेजारीपाजारी फिरायचे, म्हणून वाटणीचेही कुंपण होते. आमच्या लहानपणी आई चकल्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवायची आणि मोजून हातावर द्यायची. त्याला आम्ही कंजुषी म्हणत होतो.

'खाऊ' हा शब्दही याच कुंपणातला. मुंबईचा चाकरमानी गणपतीला किंवा शिमग्याला गावी आला की पिशवीतून खाऊ काढायचा: खारका, बत्तासे, चुरमुरे, फुटाणे. खाऊ म्हणजे कोणीतरी, कधीतरी, थोडेसे हातावर दिलेले. आता वाडीवरच्या दुकानाच्या दारात पुड्यांच्या माळा लटकतात आणि शाळेत जाणारे मूल रोज पाच रुपये घेऊन तिथे उभे राहते. शब्द तोच राहिला. देणारा हात गेला, कधीतरी गेले, थोडेसे गेले.

घनता हा मुळात दोष नाही, हे मी सुखाने शिकलेलो नाही. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडात शिरले. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. आम्ही वरच्या मजल्यावर होतो. चूल नाही, वीज नाही, प्यायला पाणी मोजके. त्या दोन दिवसांत घरातली बिस्किटे आणि फरसाण यांवर आमची सात माणसे राहिली, आणि नंतर मदतीच्या ट्रकमधून जे आले तेही बहुतेक पुड्यांतलेच. हलके, कोरडे, न शिजवता खाता येणारे, मुठीत जेवणभर ऊर्जा देणारे. पुरात याच्याइतके चांगले अन्न दुसरे नाही. जहाजावरच्या खलाशांसाठी आणि मोहिमेवरच्या सैनिकांसाठी कोरडी बिस्किटे केली गेली ती याच गुणासाठी. म्हणजे प्रसंगासाठी केलेले अन्न आता रोजचे झाले आहे. पाणी ओसरल्यावरही आम्ही पुरातले खाणे खातो आहोत.

४

आता मजकूर. वेष्टनाला दोन बाजू असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या वाचकांसाठी लिहिलेल्या असतात. पुढची बाजू मुलासाठी: चित्र, रंग, हसरा प्राणी, मोठी अक्षरे. मागची बाजू निरीक्षकासाठी: बारीक अक्षरे, घटकांची यादी, पोषणतक्ता, परवाना क्रमांक. मधल्या माणसासाठी, म्हणजे पुडा विकत घेणाऱ्या आईसाठी किंवा खाणाऱ्या भाच्यासाठी, कुठेच काही लिहिलेले नाही.

पोषणतक्त्याची शैली पाहा. शंभर ग्रॅममध्ये किती कॅलरी हे त्यात असते, आणि 'एका वाढणी'त किती तेही. ही वाढणी माझ्या संग्रहातल्या बऱ्याच पुड्यांवर २० किंवा ३० ग्रॅमची आहे. फरसाणच्या तीस ग्रॅममध्ये सुमारे १६० कॅलरी येतात, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या आठ टक्के. वाचून बरे वाटते. पण दीडशे ग्रॅमची पुडी फोडून तीस ग्रॅम खाऊन उरलेली बांधून ठेवणारा माणूस मी टेम्पोच्या केबिनमध्ये पाहिलेला नाही. पूर्ण पुडीत ८१० कॅलरी होतात, म्हणजे चाळीस टक्के. ही 'वाढणी' कादंबरीतल्या एखाद्या आदर्श पात्रासारखी आहे. ती फक्त छापील पानावर राहते.

आणि हे टक्के कोणाच्या गरजेचे? अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार ते दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसावरून काढायचे असतात. पुढच्या बाजूवर हसरा प्राणी आहे आणि मागच्या बाजूवर हिशेब बापाचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाची रोजची गरज सुमारे १७०० कॅलरी आहे. त्याच्या हिशेबाने पन्नास ग्रॅम बिस्किटे म्हणजे २२५ कॅलरी, दिवसाच्या तेरा टक्के, शाळेची घंटा व्हायच्या आत. वेष्टनावर हा आकडा कुठेही नाही.

सर्वांत लहान पुड्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. ज्या वेष्टनाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटीमीटरहून जास्त नाही, त्यावर घटकांची यादी आणि पोषणतक्ता छापण्यातून नियमांनी सूट दिली आहे. ती माहिती घाऊक खोक्यावर असली म्हणजे झाले. खोका दुकानदार फोडतो आणि रद्दीत टाकतो. रुपया-दोन रुपयांचे मूठभर काहीतरी घेणाऱ्या मुलाच्या हातात जे येते त्याला मागची बाजूच नसते. गिऱ्हाईक जितके गरीब तितका मजकूर कमी.

भाषेचा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण या अंकाच्या वाचकांना तोच जास्त लागेल. हीच सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत द्यावी असा नियम आहे. इतर भाषा वाटल्यास जोडीला घालता येते, बंधन नाही. माझ्या दोन पेट्यांत पुढच्या बाजूला मराठी नाव असलेली वेष्टने भरपूर आहेत. मागच्या बाजूला मराठी पोषणतक्ता असलेली वेष्टने एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले, आणि ते योग्यच होते. पण अभिजात मराठी वाचणाऱ्या माझ्या बहिणीला आपल्या मुलाने काय खाल्ले हे अजून वाचता येत नाही. विकताना मराठी चालते, सावध करताना चालत नाही.

दुसऱ्या देशाने काय केले हे सांगतो, कारण तिथला नियम नेमका घनतेवर बेतलेला आहे. चिलीने २०१६ पासून वेष्टनाच्या पुढच्या बाजूवर काळा अष्टकोन छापायला लावला. साखर, मीठ किंवा स्निग्ध वरून घातलेल्या घन पदार्थात शंभर ग्रॅमला ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त कॅलरी असतील तर 'कॅलरी जास्त' असे त्यात लिहायचे. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणून २०१९ मध्ये २७५ वर ठेवली. आपल्याकडे २०२२ मध्ये अर्ध्यापासून पाच ताऱ्यांपर्यंतच्या पद्धतीचा मसुदा आला. समीक्षक म्हणून माझे मत असे की ही दोन वेगळी लेखनशैली आहेत. अष्टकोन वाक्य पूर्ण करतो. तारा कौतुक करतो, अर्धा असला तरी तो ताराच. शिवाय तंतू किंवा प्रथिने असल्याचे गुण मिळवून साखरेचे वजा झालेले गुण भरून काढता येतात. मी हे लिहितो आहे तोवर वाडीवरच्या दुकानातल्या माळेवर ताराही नाही आणि अष्टकोनही नाही.

५

इथवर लिहिलेले मी एका मित्राला वाचायला दिले. वाचून झाल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तुझी भाकरी मला फार गोड वाटत नाही." त्याचे म्हणणे मला इथे मांडलेच पाहिजे.

हे महाड आहे. इथे २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ज्या गावात पाण्याला जात होती, तिथे घरच्या भाकरीलाही जात होती. मित्राच्या आजीच्या हातची भाकरी गावातल्या कित्येक घरांनी कधी खाल्ली नाही. पुड्यातल्या बिस्किटाला मात्र कोणी विचारले नाही की ते कोणी लाटले. यंत्राने केलेला, कागदात बांधलेला, सगळ्यांना एकाच किमतीत मिळणारा तो पहिला पदार्थ होता, जो त्याच्या घरात पाहुण्यासमोर न संकोचता ठेवता आला. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म'मध्ये मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरांची नोंद केली. ती वाचल्यावर 'पारंपरिक आहार' हा शब्द एकवचनी वापरता येत नाही. कमलाबाई ओगल्यांच्या १९७० च्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे माप घरोघर नेले, तेही सगळ्या घरांत पोहोचले नव्हते.

दुसरा आक्षेप बहिणीचा. "दादा, नाचणी कांडायला आणि दळायला तू येणार आहेस का?" ती पहाटे पाचला उठते. पुडा हा तिच्यासाठी अर्ध्या तासाची झोप आहे. त्या अर्ध्या तासाला कोणी किंमत दिली नव्हती, ती कारखान्याने ओळखली.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण. ज्या राज्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, तिथे कॅलरी जास्त झाल्याची तक्रार कशी करायची? याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केलेल्या कामात आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती, पण त्यांच्यात चरबीचा वाटा तसा कमी नव्हता. कमी पडले होते ते स्नायू. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा २२.३, म्हणजे अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या शरीराला साठवण चांगली जमते आणि उधळपट्टी सोसत नाही. कुपोषण आणि जादा कॅलरी या दोन टोकांच्या गोष्टी नाहीत. एकाच घरात, एकाच देहात त्या राहू शकतात. काटकुळा भाचा आणि त्याची साखर यांचा मेळ मला या फोटोमुळे लागला. २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने देशात मधुमेही १० कोटींहून अधिक असल्याचे सांगितले. त्यातले कितीजण दिसायला भाच्यासारखे असतील, याचा अंदाज आमच्या एसटी स्थानकावर तासभर बसले तरी येतो.

हे तिन्ही आक्षेप मी खोडत नाही. त्यांच्यामुळे माझे म्हणणे बदलले. पूर्वी मी 'भाकरीकडे परत चला' असा लेख लिहिणार होतो, तो टाकून दिला. मराठी साहित्याने भूक चांगली लिहिली, कारण भूक अनुभवलेली माणसे लिहू लागली. भुकेला शब्द आहेत, भाकरीला प्रतिमा आहेत. पण गरिबाच्या या नव्या जादा खाण्याला आपल्याकडे शब्द नाही. श्रीमंताच्या खाण्याला 'चैन' म्हणतो, हावरटाला 'खादाड'. कामावरच्या माणसाने उभ्याउभ्या पोटात टाकलेल्या आठशे कॅलरींना आपण 'काही नाही' म्हणतो. जेवण म्हणजे भात किंवा भाकरी; बाकी सगळे 'तोंडात टाकले', 'चहाबरोबर घेतले', 'चाळा'. पोट त्याची नोंद घेत नाही कारण ते घन आहे. लेबल त्याची खरी नोंद देत नाही कारण वाढणी काल्पनिक आणि भाषा परकी आहे. आणि आपली बोली त्याला खाणेच मानत नाही. तीन मापे, आणि तिन्हींतून तो घास निसटतो.

यातले पहिले माप आपल्या हातात नाही. दुसऱ्यासाठी मागणी करता येते: मागची बाजू मराठीत, हिशेब पूर्ण पुड्याचा, मुलांच्या पदार्थावर मुलाच्या गरजेचा, आणि लहान पुड्याला सूट नको. मराठी पाट्यांसाठी जो आग्रह आपण दुकानाच्या वर धरतो, तो दुकानाच्या आतल्या फळीपर्यंत न्यायला हवा. तिसरे माप मात्र लेखकांचे आणि बोलणाऱ्यांचे आहे.

त्या वहीत भाचा आता स्वतः लिहितो. गेल्या महिन्यात मी ती चाळली. आधी त्याने दोन रकाने आखले होते, 'जेवण' आणि 'चाळा'. मधल्या एका पानापासून दुसरा रकाना खोडला आहे आणि सगळे एकाखाली एक लिहिले आहे. चहा, पुडा, भात, पुडी, भाकरी. पुडे पूर्वीपेक्षा कमी आहेत, पण संपलेले नाहीत. रकान्याच्या डोक्यावर एकच शब्द आहे: 'खाल्लं'. साखर अजून आहे. गोळ्याही चालू आहेत. पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारले तर सांगायला त्याच्याजवळ काहीतरी असेल.